तिसऱ्या हिवाळ्याची पिसं

२०४३ सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. वेळशेतच्या ग्रामीण रुग्णालयात हर्षदा मयेकरनं एका म्हाताऱ्याच्या खुब्याचा एक्स-रे काढून नुकतंच यंत्र बंद केलं होतं, तेवढ्यात फोनवर शाल्मलीचा आवाज आला.

"ताई, झालं. प्रमाणपत्र निघालं. चारशे अकरांपैकी दोनशे त्रेसष्ट नव्या खाजणात सापडले. आणि ऐक, त्यात कोयता आहे."

हर्षदा हातातलं शिशाचं एप्रन तसंच धरून स्टुलावर बसली. दोन हिवाळे तिनं कोयत्याला पाहिलं नव्हतं. तो मेला असेल असं तिनं मनाशी जवळजवळ कबूल करून टाकलं होतं.

कोयता म्हणजे एक कुरव. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोकणच्या किनाऱ्यावर हजारो कुरव उतरतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. सहा हिवाळ्यांपूर्वी वेळशेतच्या खाजणात, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलवटीत, एक तपकिरी ठिपक्यांचं पहिल्या वर्षाचं पोर उतरलं. अंगानं मोठ्या काळ्या पाठीच्या कुरवाएवढं, पण पाय नको तितके लांब आणि चोच बारीक, पुढे खाली वळलेली. मोठ्या कुरवाच्या चोचीला टोकाजवळ खालून एक कोपरा असतो. याला तो नव्हताच. डाव्या पंखात एक लांब पीस पांढरंफटक. शाल्मली तेव्हा संशोधनासाठी येऊन हर्षदाच्याच घरी राहत होती. दोघींनी तीन दिवस त्या पोराचा पिच्छा पुरवला आणि तिसऱ्या दिवशी शाल्मली म्हणाली, "ताई, हा कुठल्याच जातीत बसत नाही. दोन जातींचा संकर असणार." चोच पाहून हर्षदाच्या सासूबाईंनी त्याला कोयता म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

शाल्मली दाबके पुण्याची. आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. एका महिन्यासाठी म्हणून आली आणि चार हिवाळे राहिली. सासूबाई तिच्यासाठी वेगळी, कमी तिखटाची आमटी करायच्या. हर्षदाला पक्षी दिसत होते, पण पक्षी वाचायला शिकवलं ते शाल्मलीनं. पहाटे चिखलाच्या काठावर उकिडवं बसून ती सांगायची: मोठ्या कुरवाला पूर्ण पांढरा-काळा व्हायला चार वर्षं लागतात. पहिल्या हिवाळ्यात तो सगळा तपकिरी. दुसऱ्यात पाठीवर राखी ठिगळं येतात. तिसऱ्यात पाठ जवळपास मोठ्यांसारखी होते, पण शेपटीला काळी पट्टी राहते आणि पंखावर तपकिरी डाग. चौथ्यानंतर शेपटी दुधासारखी पांढरी. पिसं झडतात, नवी येतात, नवं पीस दिवसाला सात-आठ मिलिमीटर वाढतं, पांढरं टोक उन्हानं आधी झिजतं आणि काळं टिकतं. "पीस म्हणजे तारीख असते ताई," ती म्हणायची. "वाचता आली पाहिजे एवढंच."

यंत्राची कल्पना मात्र हर्षदाची. एकेक कुरव वेगळा ओळखणारा संगणक शाल्मली बनवत होती आणि तो दर मोसमात गोंधळायचा, कारण पक्ष्यानं पिसं बदलली की त्याच्या लेखी तो नवाच पक्षी. एकदा भाकरी थापता थापता हर्षदा म्हणाली, "पिसांकडे बघतेसच कशाला? माणूस कपडे बदलतो, म्हणून त्याचा एक्स-रे बदलत नाही. हाडं बघ. चोचीचा बाक, डोळा आणि नाकपुडीतलं अंतर, नडगीची लांबी. ते कुठे बदलतंय?" शाल्मली पाटावरून उठलीच. पुढच्या वर्षभरात तिनं यंत्राला पिसं विसरायला शिकवलं. रंग, झीज, वय, सगळं वगळून ते फक्त पक्ष्याची ठेवण पाहू लागलं. त्याचं नावही 'ठेवण' असंच पडलं. दहा हजारांत एखादी चूक.

आणि मग त्या यंत्रावर कायदा उभा राहिला. आधी काय व्हायचं, कंपनी एक खाजण बुजवायची, दुसरीकडे चर खणून त्याला नवं खाजण म्हणायची आणि कुठल्याही थव्याचे फोटो जोडून द्यायची. आता नियम झाला, की जुन्या जागेवर नोंदलेल्या पक्ष्यांपैकी शेकडा साठ, तेच पक्षी, एकेक ओळख पटवून, नव्या जागेवर खाताना दिसले पाहिजेत. तोवर जुन्या खाजणाची एक पट्टी उघडी ठेवायची. वेळशेतच्या खाडीत बंदर आलं, अठरा किलोमीटरवर नवं खाजण खणलं गेलं आणि गेले दोन हिवाळे सगळं गाव त्या प्रमाणपत्राकडे डोळे लावून होतं. पक्षी तिथे खातात याचा अर्थ तिथला चिखल जिवंत आहे. चिखल जिवंत म्हणजे त्यात मुळे, तिसऱ्या असे शिंपले आहेत, आणि त्या काढून विकणाऱ्या साठ-सत्तर बायकांची चूल आहे.

---

दुपारी कुसुमकाकी भाटकर मनगट धरून एक्स-रेला आली. साठीची बाई, मुळे काढणाऱ्या बायकांची पुढारी म्हणावी अशी.

"चिखलात पडलंव," ती म्हणाली. "नव्या खाजणात गेलेलंव बघायला. कुंपणाखालनं."

"काकी, तिकडे अजून सोडत नाहीत ना?"

"म्हणूनच गेलंव. काय नाय गो तिकडे. चार हात खणलं, काळा चिखल, नासक्या अंड्यासारखा वास. एक मुळा नाय."

हर्षदानं तिचा हात फळीवर सरळ ठेवला. "तुम्ही कडेला खणलं असेल. आज प्रमाणपत्र आलंय काकी. दोनशे त्रेसष्ट कुरव तिथे खातायत. यंत्रानं ओळखलेत. कोयतासुद्धा."

"तू बघितलास?"

"मी कशी बघणार? सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर, ड्युटी सोडली तर कुठे निघता येत नाही. पण शाल्मलीनं स्वतः तपासलंय."

"प्रमाणपत्र आलं म्हणजे आता जुनी पट्टी बुजवणार."

"महिन्याभरात."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे असेल. दाखव तरी तुझा कोयता."

मनगट मोडलं नव्हतं. हर्षदानं एक्स-रे बाजूला केला आणि त्याच पडद्यावर प्रमाणपत्राची पुरवणी उघडली. प्रत्येक पक्ष्याचा एक फोटो, खाली क्रमांक, तारीख, ठिकाण. कोयत्याचं पान तिनं हौसेनं मोठं केलं.

तोच होता. खाली वळलेली चोच, लांब पाय, डाव्या पंखातलं पांढरं पीस. खाली तारीख, १४ जानेवारी २०४३. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच काय?" कुसुमकाकी पुढे वाकली. "आणि शेपटीला हे काळं काय लागलंय? तेल?"

हर्षदानं फोटो आणखी मोठा केला.

शेपटीला काळी पट्टी होती. पंखावर तपकिरी डाग होते. चोचीचं टोक अजून काळपट होतं. हा तिसऱ्या हिवाळ्यातला पक्षी होता, आणि कोयत्याचा हा सातवा हिवाळा. पूर्ण वाढलेला कुरव पुन्हा पोर होत नाही. हा दुसराच कुणी असेल म्हणावं, तर चोच त्याची, पाय त्याचे, आणि ठेवणनं दिलेली खात्री पानाच्या तळाशी छापलेली. पक्षी खरा होता. खोटी असलीच तर तारीख.

"तेलच असेल," ती कुसुमकाकीला म्हणाली. आयुष्यात एवढं सरळ खोटं ती त्या बाईशी कधी बोलली नव्हती.

घरी गेल्यावर तिनं खाजणात निरीक्षक म्हणून फिरताना काढलेल्या फोटोंच्या जुन्या कार्डांचं डबडं कपाटातून काढलं. २०३९च्या जानेवारीतला फोटो सापडायला दहा मिनिटं लागली. जुन्या खाजणात, गुडघाभर पाण्यात उभा कोयता, उजवा पंख अर्धा उचललेला. त्या पंखातलं बाहेरून तिसरं पीस तेव्हा अर्धवट वाढलेलं होतं. प्रमाणपत्रातल्या फोटोतही तेच पीस, तेवढंच वाढलेलं. तोच पंख, तोच कोन, पाण्यावर तेच चार तरंग. मागची कांदळवनाची रेघ फक्त कापून टाकली होती. चिखल काय, सगळीकडे सारखाच दिसतो.

पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'निरीक्षक : ह. मयेकर.'

आतल्या खोलीतून सासूबाईंचा अडखळता आवाज आला. "हर्षदा, शालू कधी येतेय गं?"

"येईल," हर्षदा म्हणाली.

गेल्या दिवाळीत शाल्मली आली होती. सासूबाईंच्या उशाशी बसून तिनं त्यांना आपल्या हातानं पेज भरवली होती. मग हर्षदासमोर टॅबलेटची पाटी धरून म्हणाली होती, "ताई, तू आता खाजणात जाऊ शकत नाहीस, पण तुझा निरीक्षक क्रमांक बंद पडायला नको. तुझे सगळे जुने फोटो प्रयोगशाळेकडे वळवते. इथे अंगठा दे." हर्षदाच्या एका हातात पेजेची वाटी होती. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा पुसून काचेवर टेकवला होता.

---

पुण्याच्या प्रयोगशाळेत ती शाल्मलीला न कळवताच गेली. नवऱ्याला, संदेशला, तिनं सगळं सांगितलं. तो एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यानं रजा टाकली आणि आईजवळ थांबला. एवढंच म्हणाला, "आधी तिचं ऐकून घे."

शाल्मली तिला पाहून धावत आली, मिठी मारली. हर्षदानं ती मारू दिली. मग खोलीचं दार लावून दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

शाल्मलीनं ते पाहिले. एकदाच. मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"पुरवणी कुणी उघडत नाही," ती शेवटी म्हणाली. "यादीतला आकडा बघतात आणि पुढे जातात."

"किती खरे आहेत, शालू?"

"नऊ."

हर्षदाला वाटलं होतं निम्मे असतील.

"बाकीचे कुठे गेले?"

"माहीत नाही. पांगले. काही मेले असतील. त्या खाजणाचा उतार चुकलाय ताई, भरतीचं पाणी आत नीट फिरत नाही, चिखल कुजतोय. मी कंपनीला दोनदा लिहिलं."

"आणि मग?"

"मग त्यांनी ठेवणवरच दावा लावायची तयारी केली. म्हणजे यंत्रच बेभरवशाचं आहे असं म्हणायचं. ते मान्य झालं असतं तर कायदाच पडला असता." शाल्मलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आणखी अकरा खाड्या आहेत या कायद्याखाली. मोरवड्याला चारशेवर पक्षी खरेच आलेत, खऱ्या चिखलात. तिथे काही खोटं नाही. वेळशेत गेलंच होतं ताई. बंदर काय कुणी उखडून टाकणार नव्हतं. एक गेलेली खाडी दिली आणि अकरा राखल्या. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"माझे फोटो का?"

"बनवलेले फोटो यंत्र पकडतं. खऱ्या पक्ष्यांचेच लागले असते. आणि तुझ्याएवढे स्वच्छ दुसऱ्या कुणाकडे नव्हते."

"आणि माझं नाव?"

शाल्मलीनं दोन्ही फोटो पालथे करून ठेवले.

"कुसुमकाकी परवा त्या काळ्या चिखलात पडली," हर्षदा म्हणाली. "मी तिला सांगितलं, तिथे कोयता खातोय. माझ्यावर विश्वास ठेवून ती बाई गप्प बसली. तू मला विचारलंही नाहीस शालू. माझ्या सासूच्या उशाशी बसून माझा अंगठा घेतलास."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणूनच."

खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. हर्षदानं फोटो पाकिटात भरले. दाराशी शाल्मली म्हणाली, "तू तक्रार केलीस तर अकराही थांबतील. हे लक्षात ठेवून काय ते कर." त्यात धमकी नव्हती. ती खरंच सांगत होती, आणि हर्षदाला तेच जास्त लागलं.

परतीच्या गाडीत आंबा घाट उतरेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. तिला राग यायला हवा होता. पण सारखं आठवत होतं ते एवढंच, की आठ वर्षांत या मुलीला तिनं एकदाही दार ठोठावायला लावलं नव्हतं.

---

दहा-बारा दिवस मनाशी घोळवून, तक्रार करण्याआधी ती कुसुमकाकीच्या पडवीत गेली. तिथे सातआठ बायका मुळे फोडत बसल्या होत्या. हर्षदानं उभ्यानंच सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा, आणि तेल म्हणाली होती तेसुद्धा.

कोयतीचे वार तेवढे चालू राहिले. मग कुसुमकाकीनं हात पुसले.

"तुला फसवलं, ते कळलं," ती म्हणाली. "पण तू आम्हाला त्या दुपारी सांगायचं होतंस. पंधरा दिवस गेले त्यात. पट्टीत डंपर यायला लागले."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता जाशील तिथे मी येतंय."

सुनावणी एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. किनारा पुनर्वसन प्राधिकरणाच्या अधिकारी श्रीमती इंगोले, कंपनीचे वकील, प्रयोगशाळेतर्फे डॉ. शाल्मली दाबके, आणि समोरच्या बाकावर हर्षदा, शेजारी कुसुमकाकी.

हर्षदानं दोन्ही फोटो दिले. वकील हसून म्हणाले, "दोन फोटो, दोन तारखा. तारीख कुणालाही बदलता येते. या बाईंनी त्यांची बदलली नसेल कशावरून? शिवाय निरीक्षक त्याच. फोटो त्यांच्याच नावानं आलेत. प्रयोगशाळेनं विश्वास ठेवला."

हर्षदानं शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मली समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होती. वकिलांचं म्हणणं तिनं खोडलं नाही.

"मयेकरबाई म्हणतात पिसांवरून वय कळतं," श्रीमती इंगोले म्हणाल्या. "डॉक्टर, हा तुमचा विषय. पक्ष्याची शेपटी बघून तो तीन वर्षांचा की सात, हे सांगता येतं?"

पहाटेच्या चिखलाच्या काठावर हे सगळं जिच्याकडून ती शिकली, तिलाच हा प्रश्न विचारला जात होता.

"खात्रीनं नाही," शाल्मली म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "काही पक्ष्यांत पूर्ण वाढ झाल्यावरही शेपटीत काळं राहतं. त्यात हा संकर. म्हणून तर आम्ही पिसांवर जात नाही, ठेवणीवर जातो."

ते पूर्ण खोटं नव्हतं. शंभरात एखाददुसऱ्या कुरवाच्या शेपटीत काळं राहतं, हेही शाल्मलीनंच तिला शिकवलं होतं. पुण्याच्या खोलीत तिला कळलेली फसवणूक कागदावरची होती. इथे ती मुलगी भर कचेरीत त्या चार हिवाळ्यांवर पाणी सोडत होती.

कुसुमकाकीनं तिच्या कोपराला धक्का दिला. हर्षदा उठली.

"एकात राहतं, मॅडम," ती म्हणाली. "डॉक्टर बरोबर सांगतायत. म्हणून मी सगळी पुरवणी बघितली. दोनशे त्रेसष्ट पानं, पाच आठवडे. त्यातले एकसष्ट पक्षी जुन्या खाजणात पहिल्यांदा नोंदले गेले ते पहिल्या वर्षाची पोरं म्हणून, सगळे तपकिरी. ती नोंद प्रयोगशाळेचीच आहे, पाच वर्षांपूर्वीची. आता त्याच एकसष्टांचे या जानेवारीतले फोटो बघा. सगळे तपकिरी. किंवा फार तर एक-दोन वर्षं पुढचे. वय वाचायला येत नसलं तरी चालेल. पाच वर्षांत एकसष्ट पोरांतलं एकही मोठं झालं नाही, असं कसं?"

श्रीमती इंगोले यांनी पुरवणी स्वतःकडे ओढली. एक पान उलटलं, मग दुसरं. विसाव्या पानाला त्या थांबल्या.

"डॉक्टर?"

शाल्मलीनं ग्लास उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. "मला वकिलांशी बोलायचंय," ती म्हणाली.

---

जुन्या पट्टीचं काम त्याच संध्याकाळी थांबलं. निम्मी तोवर बुजली होती. पावसाळ्यानंतर प्रमाणपत्र रद्द झालं आणि नव्या खाजणाचा उतार बदलून भरतीला वाट द्यायचा हुकूम निघाला. चिखल सुधारायला सहा-सात वर्षं लागतील, असं जाणकार म्हणाले. कुसुमकाकी आणि बायका उरलेल्या पट्टीत पाळ्या लावून जाऊ लागल्या. ती हर्षदाशी पूर्वीसारखंच बोलायची, फक्त हर्षदानं काही सांगितलं की आता विचारायची, "बघितलंस स्वतः?"

शाल्मलीचं पद गेलं. चौकशीत तिनं सगळं कबूल केलं, हर्षदाला काही माहीत नव्हतं हेही लिहून दिलं. ते ऐकून हर्षदाला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. हर्षदाचा निरीक्षक क्रमांक मात्र रद्द झाला, कारण अंगठा तिचाच होता. त्या क्रमांकाखालचे आठ हिवाळ्यांचे सगळे फोटो, खरे असले तरी, 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून नोंदीतून काढले गेले. कोयता आता कुठल्याच सरकारी यादीत नव्हता.

आणि अकरा खाड्यांची प्रमाणपत्रं फेरतपासणीसाठी थांबली, शाल्मली म्हणाली होती तशी. ठेवणला आता वय वाचायला शिकवत होते, पण त्याला वेळ लागणार होता. तोवर डोळ्यांनी पिसं वाचणारी माणसं हवी होती आणि राज्यात ती चौदा निघाली. हर्षदाला नवा क्रमांक मिळाला. सासूबाईंजवळ बसायला संदेशनं दुपारची पाळी मागून घेतली, आणि पुढच्या जानेवारीत ती मोरवड्याला गेली.

मोरवड्याला काही खोटं नव्हतं. पण प्रमाणपत्र थांबल्याबरोबर जमिनीच्या मालकानं कोर्टातून परवानगी आणली होती. पक्षी आहेत हे सिद्ध नाही, मग जागा अडवायची कशाला? हर्षदा बांधावर चढली तेव्हा खाजणाच्या उत्तरेकडून मुरमाच्या गाड्या रित्या होत होत्या. लालसर ढिगांच्या पलीकडे उरलेल्या चिखलात कुरव दाटीनं उभे होते.

बांधावर आधीच एक दुर्बीण लावलेली होती. मागे शाल्मली उभी होती, एकटी, डोक्याला रुमाल बांधून. बारीक झाली होती.

"मला कुणी पाठवलेलं नाही," ती म्हणाली. "मी आपली मोजते. गेल्या हिवाळ्यात चारशे एकोणीस होते. खरे. आज दोनशेच्या आसपास असतील."

हर्षदानं पाठीवरची पिशवी उतरवली.

"मी सांगितलं होतं ताई."

"हो. सांगितलं होतंस."

"मग आता पटतंय?"

हर्षदा गाड्यांकडे पाहत राहिली. एक ढीग सरकला, तशी कडेची वीस-पंचवीस पाखरं उडाली आणि आणखी आत जाऊन बसली. "तू खरं बोलली असतीस," ती म्हणाली, "तर इथे खरं म्हणून काही दाखवता आलं असतं. आता मी आरडाओरडा केला तरी ते विचारतील, कशावरून?"

शाल्मलीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "आजी कशा आहेत?"

"तुझी वाट बघतात. मी काही सांगितलेलं नाही."

"येऊ?"

हर्षदानं आपली दुर्बीण उचलली, बांधावरून पन्नास पावलं पुढे गेली आणि तिथे तिपाई रोवली. मग दोघी मोजायला लागल्या, आपापल्या जागेवरून, एकाच थव्याकडे तोंड करून. पहिल्या हिवाळ्याचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, तिसऱ्याचे, मोठे. भरती चढेपर्यंत ते चाललं.

निघताना शाल्मली जवळून गेली आणि एक चिठ्ठी तिच्या पिशवीवर ठेवून बांध उतरली. हर्षदानं ती उघडली. दोनशे बारा. खाली वयांची विभागणी, त्या ओळखीच्या तिरक्या अक्षरात. हर्षदाच्या वहीतही दोनशे बाराच होते. वयंही जुळत होती, शेवटच्या पक्ष्यापर्यंत.

शाल्मली आता रस्त्याला लागली होती. हर्षदानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली, वहीचं नवं पान काढलं, दुर्बिणीला डोळा लावला आणि थवा पहिल्यापासून पुन्हा मोजला.